कोपऱ्यातलं कासव

मानवतला मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. नवं गिऱ्हाईक दारात आलं की आधी माझ्याकडे, मग माझ्या मागच्या भिंतीकडे बघायचं आणि विचारायचं, "मिस्त्री कुठं गेलेत?" मी हातातला पेचकस खाली ठेवून म्हणायचे, "मिस्त्री मीच. काय बिघडलंय?" पहिली काही वर्षं या प्रश्नाचा राग यायचा. नंतर मजा वाटायला लागली. आता दुकान बंद करून घरी बसलेय, तर कुणी तो प्रश्न विचारत नाही याचंच वाईट वाटतं.

फोन मात्र अजून सुटलेला नाही. अधूनमधून कुणीतरी विचारतंच, "ताई, घरच्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअल मशीन टाकायचंय, कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?" इंजिनीअरिंगची पोरं विचारतात, त्यांना नवीन काहीतरी करून बघायचं असतं. पालमचे एक निवृत्त पोस्टमास्तर विचारायला एसटीनं आले होते. त्यांना जुन्या विंडोजमधला पत्त्यांचा डाव हवा होता. "नव्यातले पत्ते चकचकीत आहेत हो, पण डाव लागत नाही," असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना जुनी विंडोज बसवून दिली. डाव तरीही लागला नाही, पण आता दोष विंडोजचा नाही एवढं समाधान त्यांना मिळालं.

ज्यांना हे काय प्रकरण आहे ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत, नुसत्या सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. घरात भाडेकरू ठेवावा तसा. त्याला एक खोली द्यायची, थोडी मेमरी द्यायची, आणि तो आत आपली जुनी विंडोज घेऊन सुखानं नांदतो. आपण दुसऱ्याच्या घरात आहोत हे त्याला माहीतच नसतं. ही सोय करून देणारी सॉफ्टवेअरं तीन-चार आहेत. एक नव्या विंडोजच्या काही प्रकारांत पोटातच येतं, फक्त चालू करायचं. एक बाहेरून फुकट उतरवून घेता येतं. आणखी एखाददुसरं आहे. इंटरनेटवर लोक कुठलं वेगवान यावर भांडत बसतात. मीही पूर्वी वेगच बघायचे. वेग बघून निवडण्यात एका नऊ वर्षांच्या मुलीचं ऐकणं माझ्या हातून जवळजवळ गेलं होतं, तेव्हापासून मी फोनवर आधी विचारते, "कशासाठी पाहिजे? कॉम्प्युटरला काय काय जोडायचंय?"

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी नऊच्या सुमाराला वट्टमवार सरांचा फोन आला. सर म्हणजे आमच्या भागातले कानाची मशीनं बसवणारे. स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून कान तपासायचे, मशीन लावून द्यायचे. बोलणं नेहमी हळू आणि स्पष्ट, समोरच्याला ओठ वाचता यावेत असं. त्या दिवशी मात्र घाईघाईनं म्हणाले, "सुनंदा, असशील तशी ये. खंडेनवमीला पूजा करून बंद ठेवलेला कॉम्प्युटर आता चालूच होईना."

गेले. जुन्या मॉनिटरवर झेंडूचा हार अजून तसाच होता, कॉम्प्युटरच्या डब्याला हळदीकुंकवाची बोटं. खोलीत एक नवरा-बायको आणि त्यांची मुलगी बसली होती. बोरीच्या पलीकडच्या एका वस्तीवरचे. नवरा ज्ञानोबा, बायको कौसाबाई, मुलगी वैष्णवी. दोघं ऊसतोडीला जाणारे, जोडीला पत्र्याची पेटी आणि गाठोडं. टोळीचा ट्रक दुपारी बोरीहून निघणार होता आणि मानवतवरून पाथरीकडे जाणार होता. तीन वाजता पाथरी रोडच्या नाक्यावर या तिघांना उचलायचं, असं मुकादमाशी ठरलं होतं.

वैष्णवीचा उजवा कान जन्मापासून गेलेला. डाव्यात थोडंसं उरलं होतं आणि ते थोडंसं तिच्या कानामागच्या मशीनवर चालायचं. ते मशीन कंपनीतून दुरुस्त होऊन नुकतंच आलं होतं, पण कोरं होऊन. मला तेव्हा कळलं की कानाचं मशीन म्हणजे चष्म्यासारखं उचललं आणि लावलं असं नसतं. कुठला आवाज किती वाढवायचा हे प्रत्येकाच्या कानाप्रमाणे त्यात लिहावं लागतं. त्यासाठी सरांकडे एक छोटी डबी होती. डबीची एक तार मशीनला, दुसरी कॉम्प्युटरला. आणि त्या मॉडेलचं सॉफ्टवेअर, डबीसकट, फक्त जुन्या विंडोजवर चालायचं.

"नांदेडला, संभाजीनगरला कुणाकडे?" मी विचारलं.

"तिकडं सगळ्यांनी नवं घेतलंय. नवं सॉफ्टवेअर या मशीनला ओळखत नाही," सर म्हणाले. "कोरं तसंच लावलं तर तिला नुसती खरखर ऐकू येईल. काढूनच ठेवील ती."

कौसाबाई म्हणाली, "ताई, मागल्या साली फडात मशीन बंद पडलं. डायवर गाडी मागं घ्यायलाय, हारन वाजवायलाय, वाजवायलाय, आन् ही पाठ करून उसाचे वाढे येचायली. शेजारच्या बाईनं येणी धरून वढली म्हणून हाय. आवंदा मी हिला बिनमशीनचं न्हाई नेणार."

"मंग कुणापाशी ठिवायची?" ज्ञानोबा खाली बघत म्हणाला. "घरी कोण हाय?"

मी डबा उघडला. आतल्या मदरबोर्डच्या पाटीवरचे चार कपॅसिटर, टोपणांसारखे दिसणारे, फुगून फुटले होते. तशी पाटी आता बाजारातही मिळत नाही. पण डिस्क शाबूत होती आणि वैष्णवीच्या कानाचा सगळा हिशोब, गेल्या दोन वर्षांचे आलेख, त्या डिस्कवर होते. शेजारच्या टेबलावर सरांच्या मुलीनं पाठवलेला नवा कॉम्प्युटर होता, ज्यावर सर आणि काकू नातवाशी व्हिडिओवर बोलायचे. मी म्हणाले, "सर, जुना आख्खा उचलून नव्याच्या पोटात घालते."

जुन्या डिस्कची नक्कल नव्यात घ्यायला दोन तास लागले. मधे एका जागी आकडा अडकला आणि तिथंच राहिला. डिस्कमधून टक् टक् आवाज यायला लागला. हा आवाज आमच्या धंद्यात कुणालाच ऐकायला आवडत नाही. मी डिस्क हातात घेऊन जराशी तिरकी धरली, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही, आणि आकडा पुढं सरकला. साडेअकराला आख्खा जुना कॉम्प्युटर एका फाइलीत आला होता. काकूंनी सगळ्यांना चहा दिला. माझा तसाच राहिला.

आता सॉफ्टवेअर निवडायचं. मी विंडोजच्या पोटातलंच घेतलं. बाहेरून काही उतरवायचं नाही, वेगही चांगला, शिवाय मला त्याची सवय. नव्या खिडकीत जुनी विंडोज उघडली तेव्हा सरांनी टाळी वाजवली. डबी जोडली. आत काहीच नाही. तार बदलली, यूएसबीचं भोक बदललं, पुन्हा सगळं बंद करून चालू केलं. बाहेरच्या विंडोजला डबी दिसत होती, आतल्याला नाही. पाऊण तास घालवल्यावर मी स्वतःशी कबूल केलं की हे सॉफ्टवेअर बाहेर जोडलेली वस्तू सरळ आत जाऊच देत नाही. मला हे माहीत असायला पाहिजे होतं. पण माझ्या गिऱ्हाइकांना आजवर पत्ते खेळायचे होते, कानाचं मशीन कुणी जोडलं नव्हतं. घड्याळात पाऊण वाजला होता.

घाईत मी ते तसंच सोडून दुसरं, फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यात ही सोय होती. तीच फाइल त्यात लावली. खिडकी उघडली, जुनी विंडोज आली, डबी जोडली आणि आत टिंग आवाज झाला. डबी दिसली! ज्ञानोबासुद्धा हसला. खिडकीच्या खाली उजव्या कोपऱ्यात उडदाएवढं हिरवं कासव दिसत होतं. मला वाटलं ही त्या कंपनीची खूण असेल.

वैष्णवी माझ्या कोपराला खेटून उभी होती. तिनं पडद्यावरच्या कासवावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"कासव हाय व्हय?" कौसाबाई पुढं वाकली. "देवळात देवाम्होरं असतंय तसंच. आता काम हुतंय बगा." तिनं हात जोडले. काकूंनीही जोडले. काकूंनी वैष्णवीचेही हात धरून जोडायला लावले. मुलीनं हात सोडवून घेतले, पुन्हा कासवावर बोट ठेवलं आणि मग टेबलावर दोन बोटं हळूहळू चालवून दाखवली. आम्ही सगळे कौतुकानं हसलो. कासव कसं चालतं ते पोरगी दाखवते आहे, असं म्हणून मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कामाला लागले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आतली विंडोज जरा जड चालत होती. जुनी आहे, चालायचंच, असं मी धरून चालले. सरांनी वैष्णवीची फाइल उघडली, कंपनीतून आलेलं मशीन डबीला जोडलं, आलेख तपासले. तेवढ्यात ज्ञानोबाचा फोन वाजला. मुकादम इतका मोठ्यानं बोलत होता की आम्हालाही ऐकू आलं.

"गाडी बोरीहून निगाली बगा. तीनला नाक्यावर ऱ्हावा. धा कोयते, ईस मानसं हायेत, तुमच्या पायी समदे खोळंबायचे न्हाईत."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी लिहायचं बटण दाबलं. निळी पट्टी पुढं सरकू लागली, अगदी हळू. पाव झाली, अर्धी झाली. त्याच्या पुढं जाऊन थांबली. खिडकीतलं वाळूचं घड्याळ फिरत राहिलं. मग एक चौकट आली, मशीनशी संपर्क तुटला.

सरांनी मशीन डबीपासून काढलं, नवी बॅटरी घातली, स्वतःच्या कानाजवळ धरलं. खरखरसुद्धा नव्हती. पुन्हा जोडलं तर कॉम्प्युटरनं ते बऱ्याच वेळानं कसंबसं ओळखलं. सर खुर्चीत मागं टेकले आणि नेहमीच्या हळू, स्पष्ट आवाजात म्हणाले, "सुनंदा, नीट ऐक. अर्धवट लिहिलं गेलंय. अजून एकदा लिहिता येईल. तेही अर्ध्यात तुटलं तर हे मशीन मेलं. मग ते कंपनीतच जाईल, आणि पोरगी फडात."

कौसाबाईनं तोंडाला पदर लावला. "सकाळी खरखर तरी हुती," ती म्हणाली. मला उद्देशून नव्हती म्हणाली, पण लागायचं ते मलाच लागलं. धंद्यात माझ्या हातून डिस्का गेल्या आहेत, फोटो गेले आहेत. पण दुरुस्त करायला घेतलेली वस्तू माझ्या हातात मरायला टेकली आणि तिच्या मालकिणीला ते अजून माहीतच नाही, असं कधी झालं नव्हतं. वैष्णवी आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती.

सव्वादोन झाले होते. पुन्हा बटण दाबायची माझी हिंमत होईना. तार बदलू? सॉफ्टवेअर बदलू? तिसरं उतरवू? डोकं धरून बसले. तेवढ्यात माझ्या दंडाला कुणीतरी चिमटा काढला. चिमटाच, चांगला जोरात. वैष्णवी. तिनं कासवावर बोट ठेवलं. मग टेबलावर दोन बोटं चालवली, हळू, एकेक पाऊल. मग पडद्यावर जिथं ती निळी पट्टी थांबली होती, तिथं बोट नेलं आणि तसंच हळू सरकवत आणलं. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या मठ्ठ पोराकडे मास्तर बघतात.

ती मला कासव दाखवत नव्हती. हे यंत्र हळू चाललंय, म्हणून तिथं कासव काढलंय, एवढं साधं ती मला तासभर सांगत होती. ऐकू येत नसल्यामुळे तिचं सगळं लक्ष डोळ्यांत होतं, आणि त्या खोलीत पडद्याकडे खरोखर बघणारी ती एकटीच होती. बाकी आम्ही चांगल्या कानांची माणसं हात जोडून बसलो होतो.

मी मोबाइलवर शोधलं. तीन ओळींत उत्तर होतं. ते कासव म्हणजे शोभा नाही, इशारा आहे. पोटातलं पहिलं सॉफ्टवेअर मी वापरायचं सोडलं होतं, पण बंद केलंच नव्हतं. ते खाली बसून सगळी ताकद स्वतःकडे धरून होतं आणि दुसरं बिचारं रांगत होतं. इतकं रांगत होतं की डबीनं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर वेळेत पोचत नव्हतं. भाडेकरूला बाहेर न काढताच मी खोली दुसऱ्याला देऊन टाकली होती.

पहिलं बंद केलं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करावा लागणार होता. केला. पडद्यावर ओळ आली: काम सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. आकडा तीस टक्क्यांवर थांबला. दोन वीस. दोन पंचवीस. या ओळीला मी आयुष्यभर शिव्या दिल्या आहेत, पण त्या दिवशी एकही सुचली नाही. ज्ञानोबा उठला. "मी नाक्यावर जाऊन गाडी थांबवितो. पाया पडावं लागलं तरी पडतो," म्हणाला आणि पेटी डोक्यावर घेऊन निघालासुद्धा.

कॉम्प्युटर चालू व्हायला पावणेतीन झाले. खिडकी उघडली. मी आधी खाली उजव्या कोपऱ्यात बघितलं. तिथं साधी निळसर चौकट होती. कासव नव्हतं. जुनी विंडोज एका दमात उघडली, इतकी झटकन की जुन्या डब्यातही ती कधी तशी उघडली नसेल. डबी जोडली. टिंग.

"लिहू?" सरांनी विचारलं. त्यांचं बोट बटणावर होतं.

मी वैष्णवीकडे बघितलं. खरंच, मी तिलाच विचारलं, भुवया उंचावून. तिनं वाकून कोपरा नीट बघितला आणि मान डोलावली.

सरांनी बटण दाबलं. पाव. अर्धी. मागच्या वेळी थांबली होती तिथं आली तेव्हा काकूंनी डोळे मिटून घेतले. पट्टी तिथं थांबली नाही. शेवटपर्यंत गेली, आणि चौकट आली, लिहून झाले. कौसाबाईला ती वाचता येत नव्हती. तिनं माझा चेहरा वाचला आणि तिथंच फरशीवर बसली.

सरांनी मशीन मुलीच्या डाव्या कानामागं बसवलं. तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मशीन लागलं की तपासायची त्यांची एक पद्धत होती. मुलाच्या पाठीमागं उभं राहायचं, ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढं कागद धरायचा आणि एखादा शब्द म्हणायचा. आवाज तिच्या ओळखीचा नसला तर जास्त चांगलं, म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

"मोठ्यानं नको," ते म्हणाले. "आपण बोलतो तसं."

बाहेर लांबून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. ज्ञानोबा तिकडे कुणाच्या पाया पडत असेल देव जाणे. मी कागद तोंडापुढं धरला. काय म्हणावं ते सुचेना.

"कासव," मी म्हणाले.

तिनं मागं वळून बघितलं नाही. भिंतीकडे तोंड असतानाच हात मागं करून पडद्याच्या त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि तिच्या जाड, अडखळत्या आवाजात म्हणाली, "गेलं." मग पुन्हा हॉर्न वाजला, आणि आम्ही कुणी काही बोलायच्या आत ती उठून चपला शोधायला लागली.